दोन फायली, एकच माणूस

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी आणि माझे मिस्टर, दोघंही सहा वर्षांपासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहोत. गावात कळू नये म्हणून औषधं शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रातून आणतो. मिस्टर साखर कारखान्यात हंगामी कामगार. दिवाळीपासून त्यांना खोकला, संध्याकाळी कणकण, वजनही खूप उतरलं. तालुक्याच्या छातीच्या डॉक्टरांनी बेडका तपासला, टीबी निघाला. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. त्या दवाखान्यात माझा चुलत दीर कंपाउंडर आहे. म्हणून ‘दुसरा काही आजार?’ या प्रश्नावर आम्ही ‘शुगर आहे’ एवढंच सांगितलं. एचआयव्हीची तपासणी लिहून दिली होती, ती ‘नंतर करू’ म्हणून टाळली. एआरटी केंद्रातही टीबीचं बोललो नाही, ओरडतील अशी भीती वाटली. आता मिस्टर म्हणतात, दोन्ही औषधं जड आहेत, पोटात एकमेकांशी भांडतात. सहा महिने एआरटी बंद ठेवू, आधी टीबी जाऊ दे. केंद्रात ओळख झालेल्या एका बाईनं सांगितलं की टीबी असला की एआरटीची गोळी दोनदा घ्यायची असते. म्हणून चार दिवस झाले, मी माझ्या डबीतली एक गोळी त्यांना सकाळी देते. माझं बरोबर आहे का? थांबवायचं तर कोणतं औषध? आणि कुणाला न सांगता हे निभावता येईल का? घरात नऊ वर्षांची मुलगी आहे.

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुम्हाला तीन ओळी कळवल्या होत्या, कारण हे सदर येईपर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्न नव्हता. इतरांसाठी त्या पुन्हा लिहिते. दोन्हीपैकी कोणतंही औषध बंद करू नका. तुमच्या डबीतली गोळी त्यांना देणं आजच थांबवा. आणि याच आठवड्यात दोघं मिळून एआरटी केंद्रात जा.

आता निवांत बोलू. मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी होते आणि नोकरीची शेवटची काही वर्षं एआरटी केंद्राच्या औषधखिडकीमागे काढली. त्यामुळे औषधांचं जे सांगते ते तिथल्या सवयीनं सांगते. मिस्टरांचा डोस मात्र त्यांना समोर बसवून तपासणारा डॉक्टरच ठरवेल.

मिस्टरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. औषधांचं आपसात काहीतरी होतं हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण त्याला भांडण म्हणता येणार नाही, आणि ‘जड’ हा शब्दही इथे कामाचा नाही. ते कारखान्यात आहेत ना, मग त्यांच्याच भाषेत सांगते.

आपलं यकृत म्हणजे औषधं गाळून मोडीत काढणारा कारखाना समजा. एरवी तो एका पाळीत चालतो. टीबीच्या गोळीत रिफॅम्पिसिन नावाचं औषध असतं, लघवी नारिंगी करणारं ते हेच. ते पोटात गेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत यकृताचा गळीत हंगाम सुरू होतो. तिन्ही पाळ्या, रात्रंदिवस. मग त्या गव्हाणीत जो ऊस पडेल तो भराभर गाळला जातो. तुमच्या एआरटीच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर असंच त्यात सापडतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं आणि दुसऱ्या गोळीची वेळ होईपर्यंत विषाणूवरचा वचक सैल पडतो. यावर उपाय फार मोठा नाही. ऊस दुप्पट आणायचा. म्हणजे डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम दिवसातून एकदाऐवजी दोनदा, मध्ये बारा तासांचं अंतर ठेवून. आणि हंगाम संपला म्हणून बॉयलर त्याच दिवशी थंड होत नाही, हे मिस्टरांना मी सांगायला नको. टीबीच्या गोळ्या संपल्यावरही ती जादा गोळी दोन आठवडे चालू ठेवायची असते. पुष्कळ जण इथे चुकतात. टीबीचा कोर्स संपल्याच्या आनंदात दुसऱ्या दिवसापासून सगळंच कमी करतात.

केंद्रातल्या त्या बाईंनी सांगितलं ते खरं, पण अर्धं. तुम्हा दोघांना मिळणारी रोजची गोळी ही एक गोळी दिसते, तरी तिच्यात तीन औषधं आहेत: टेनोफोविर, लॅमिव्ह्यूडिन आणि डोल्युटेग्राविर. दुप्पट करायचं ते फक्त तिसरं. पहिली दोन मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतात, यकृताच्या हंगामाशी त्यांचा फारसा संबंध नाही. संपूर्ण गोळी दोनदा दिली की टेनोफोविरही दुप्पट जातं, आणि ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. त्यात मिस्टरांना शुगर. म्हणून केंद्रातून सुटी डोल्युटेग्राविर वेगळी देतात, पांढऱ्या डबीतली तीन औषधांची गोळी दोनदा नाही. चार दिवसांत काही बिघडलं असेल असं मला वाटत नाही, घाबरून जाऊ नका. पण डॉक्टरांना हे चार दिवस सांगा, म्हणजे ते क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून घेतील.

गेल्या तीन आठवड्यांचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणार. डोल्युटेग्राविर चिवट औषध आहे, विषाणू त्याला सहजासहजी चकवू शकत नाही. सहा वर्षं तुम्ही नेमानं घेतलंत त्याचंही बळ आहे. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) कधी तपासायचा ते केंद्र ठरवेल, आणि त्यातून खरं काय ते कळेल.

आता ‘आधी टीबी, मग एआरटी’ या विचाराकडे येते. ही कल्पना मिस्टरांच्या डोक्यातून निघालेली नाही. एके काळी डॉक्टरसुद्धा असंच करायचे. गोळ्या फार होतात, उलट्या होतात, म्हणून एआरटी मागे ठेवायचे. मग दक्षिण आफ्रिकेत डर्बनला ६४२ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. टीबीचा कोर्स संपेपर्यंत एआरटीसाठी थांबलेल्यांच्या तुलनेत, टीबीच्या गोळ्या चालू असतानाच एआरटी सुरू केलेल्यांमधले मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी होते. तेव्हापासून हा वाद मिटल्यात जमा आहे. हे झालं नव्यानं एआरटी सुरू करणाऱ्यांचं. मिस्टर तर सहा वर्षं घेत आहेत, त्यांनी मध्येच सोडायचा प्रश्नच येत नाही. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना जगभर सर्वाधिक मारतो तो टीबीच. त्याच्याशी लढायला अंगात ताकद हवी, आणि नेमक्या त्याच वेळी ती काढून घ्यायची, हे कुठलं गणित? टीबीच्या गोळ्या सोडणं तर त्याहून वाईट. अर्धवट कोर्समधून निघणारा टीबी साध्या गोळ्यांना जुमानेनासा होऊ शकतो.

तुमचा तिसरा प्रश्न, कुणाला न सांगता निभावेल का. इथे मला तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे.

तुम्ही दोन फायली केल्यात. एक तालुक्याला, त्यात फक्त टीबी. एक शेजारच्या जिल्ह्यात, त्यात फक्त एचआयव्ही. दोन्ही एकमेकींपासून लांब ठेवल्या की मिस्टर सुरक्षित, असं तुम्ही धरून चालला आहात. बदनामीपासून सुरक्षित, हे खरं. चुलत दीर कंपाउंडर असताना तुम्ही तोंड मिटून घेतलंत, यात मी तुम्हाला दोष देणार नाही. पण लपवण्यामागचा हेतू आणि लपवण्याचं ठिकाण यात फरक आहे. गावाला सांगायचं नाही, हा हेतू. त्यासाठी डॉक्टरांनाही सांगायचं नाही, हे कशावरून ठरलं? दोन डॉक्टर अर्ध्या-अर्ध्या माणसाला औषध देत आहेत. जी जादा गोळी केंद्रातून फुकट मिळाली असती, ती तुम्हाला स्वतःच्या डबीतून काढावी लागली, ती याच लपवालपवीमुळे.

मला एक गृहस्थ आठवतात. तेव्हा आमच्याकडे एआरटीत निव्हिरापिनच्या गोळ्या चालायच्या. रिफॅम्पिसिन तेही खाली ओढतं, म्हणून टीबी झाला की रुग्णाला एफाविरेन्झ या दुसऱ्या औषधावर बदलायचे. हे गृहस्थ दर महिन्याला यायचे, ‘सगळं ठीक’ म्हणून सही करून जायचे. एकदा उन्हाळ्यात त्यांनी खिडकीशी उभं राहून घाम पुसला, तर रुमाल नारिंगी. मी विचारलं, ‘दादा, हळदीला गेला होतात का?’ ते हसले नाहीत. बाहेरून दोन महिने टीबीचं औषध चालू होतं. रुमालानं जे सांगितलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि खरं बोलायचं तर आम्हीही कधी नीट विचारलं नव्हतं. ‘खोकला आहे का, ताप आहे का’ हे प्रश्न रांग मोठी असली की कुणीतरी आपल्या मनानंच ‘नाही’ लिहून मोकळं होतं. केंद्रात ओरडतील ही तुमची भीती मी खोटी ठरवणार नाही. काही जण ओरडतात. ऐकून घ्या आणि गोळी घेऊन या.

तर मार्ग कोणते? तालुक्याच्या डॉक्टरांना एकट्याला गाठून सांगता येईल. केबिनमध्ये, कंपाउंडर बाहेर असताना, कागदावर काही न लिहिता. कायदा तुमच्या बाजूनं आहे: एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती इतरांना सांगायला त्यात मनाई आहे. पण कायद्यानं चुलत दिराच्या तोंडाला कुलूप लागतं, असं मी तुम्हाला सांगितलं तर तुम्हीच मला हसाल. दवाखान्यात फाइल कोण काढून देतो, इंजेक्शन कोण भरतो, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून मला दुसरा रस्ता बरा वाटतो. टीबीचं औषधही एआरटी केंद्रातूनच घ्या. एचआयव्हीसोबत टीबी असलेल्यांना दोन्ही औषधं एकाच छताखाली देण्याची सोय सरकारी कार्यक्रमात आहे, आणि ती तुमच्यासारख्यांसाठीच आहे. फाइल एक होईल, तीही गावापासून लांब. जादा डोल्युटेग्राविर तिथेच मिळेल, पैसे लागणार नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांना एवढं सांगा की खर्च झेपत नाही, सरकारी औषध घेतो, आमचे रिपोर्ट आणि निक्षय क्रमांक (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) द्या. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणं खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, तेव्हा तो क्रमांक त्यांच्याकडे असायला हवा. यात तुम्ही खोटंही बोलत नाही. खर्च झेपत नाहीच आहे. बेडक्याचा रिपोर्ट आठवणीनं मागा, रिफॅम्पिसिनला टीबी दाद देतो का ही तपासणी झाली आहे की नाही ते त्यातूनच केंद्राला कळेल.

अंतराची अडचण खरी आहे. हंगामात मिस्टरांना रजा मिळणं कठीण. पण एरवी तुम्ही जाताच; पहिले दोन महिने फेऱ्या थोड्या वाढतील इतकंच. निक्षय पोषण योजनेतून महिना १००० रुपयांप्रमाणे पैसे बँकेत येतात (१ नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते). ते टीबीचे पैसे आहेत, पासबुकावर एचआयव्हीचं नाव कुठे येत नाही. प्रवास निघेल त्यातून, निदान अंडी तरी.

जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. नावं पाठ करू नका, पाकिटंच न्या. मिस्टरांची शुगरची गोळी तर नक्कीच, कारण तिचं प्रकरण मला सगळ्यात गमतीचं वाटतं. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी सर्रास देतात. रिफॅम्पिसिन ग्लिमेपिराइडचा जोर कमी करतं, तर डोल्युटेग्राविर मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. एकाच गोळीचा अर्धा भाग खाली, अर्धा वर! म्हणून डोल्युटेग्राविर चालू असताना मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, आणि साखर एरवीपेक्षा वरचेवर तपासतात. हे डोस घरी बदलायचे नाहीत. पण डॉक्टरांना शुगरची गोळी दिसलीच नाही, तर ते तरी काय करणार?

ॲसिडिटीचं ते पातळ औषधही पिशवीत टाका. टीबीच्या गोळ्यांनी जळजळ होते, मग लोक चमचा-दोन चमचे पिऊन टाकतात. त्यातलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला आतड्यातच धरून ठेवतं, ते रक्तात पुरेसं पोचत नाही. ते घ्यायचंच असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही असंच, मात्र त्या जेवणाबरोबर एकत्र घेतल्या तर चालतात. आणि ‘टीबीनं रक्त आटलं’ म्हणून कुणी लोहभस्म किंवा कसलासा पुडा दिला असेल, तर तोही दाखवा. लाजू नका, माझ्या खिडकीवर लोकांनी याहून चमत्कारिक पुड्या उघडल्या आहेत.

तुमच्यासारख्या इतरांसाठी दोन-चार गोष्टी भरभर सांगते. दुसऱ्या टप्प्यातल्या एआरटीवर असाल, म्हणजे अ‍ॅटाझानाविर किंवा लोपिनाविरबरोबर रिटोनाविर घेत असाल, तर रिफॅम्पिसिन ती औषधं इतकी खाली ओढतं की त्याच्याऐवजी रिफाब्युटिन देतात. तेव्हा टीबीची तयार पट्टी बाहेरून आणून सुरू करू नका. खासगीत किंवा परदेशात एचआयव्हीसाठी बिक्टेग्राविरची गोळी अथवा कॅबोटेग्राविरचं इंजेक्शन घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं, रिफॅम्पिसिनबरोबर ती चालत नाहीत. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला टीबी झाला, तर त्या गोळ्यांवर विसंबू नये. हा हंगाम त्याही गाळतो. रक्तदाबाची अम्लोडिपिन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, फिटची आणि थायरॉइडची गोळी, सगळ्यांचं नाव सांगा.

त्रास कशाला म्हणायचं? नारिंगी लघवी, नारिंगी घाम हा त्रास नाही; ती नारिंगी झाली नाही तर मीच विचारीन गोळी घेतली का. पण डोळे पिवळे दिसले, अन्नाची शिसारी येऊन उलट्या होऊ लागल्या, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवा. लाल-हिरवा रंग ओळखताना गडबड झाली, तर टीबीच्या गोळीतल्या इथॅम्ब्युटॉलकडे बघावं लागतं. तळपायाला मुंग्या आल्या तर तिच्यातल्याच आयसोनियाझिडकडे. त्यासाठी पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) देतात, ते ‘ताकदीची गोळी’ समजून टाळू नका. दारू घेत असतील तर हे सहा महिने तरी नाही. यकृताला तिन्ही पाळ्यांचं काम आहेच.

आणि तुम्ही? पत्रभर मिस्टरांचं लिहिलंत. तुम्ही त्याच खोलीत झोपता, तुम्हालाही एचआयव्ही आहे, तुमचा खोकला कुणी विचारला? त्याच फेरीत स्वतःची तपासणी करून घ्या. टीबी नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध देतात. मुलीलाही न्या. तिला काय झालंय हे समजावायचं असेल तर बाबांना टीबी आहे, सगळ्यांची तपासणी असते, एवढं पुरे. तेही खरंच आहे.

गावच्या कुणाला विचारायचं नसेल आणि केंद्राचा फोन लागत नसेल, तर एचआयव्हीसाठी १०९७ आणि टीबीसाठी १८००-११-६६६६, दोन्ही फुकट. नाव सांगायची सक्ती नाही.

राहिल्या तुमच्या डबीतल्या चार गोळ्या. पुढच्या भेटीत खिडकीवरचा माणूस डबी उलटी करून मोजणार, चार कमी भरणार, आणि ‘ताई, हरवल्यात का?’ असं विचारणार. ‘हो’ म्हणू नका. हरवल्या नाहीत, मिस्टरांना दिल्या, असंच सांगा. तो वहीत तसं लिहील आणि तुम्हाला चार गोळ्या मोजून वर देईल.